चुली किती?

गल्लीत लहानमोठे सगळेच तिला वहिनी म्हणत. वयानं तिच्यापेक्षा कितीतरी मोठा असलेला कुलूपवालाही वहिनी म्हणे आणि शाळेतून येणाऱ्या पोरीही वहिनीच म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत तिच्या नवऱ्याचं गाद्यांचं दुकान होतं. दारापाशी पिंजण्याचं यंत्र, आत कापसाचा ढिगारा, भिंतीला टेकून उभ्या गुंडाळलेल्या गाद्या आणि खिळ्यांना अडकवलेल्या खोळी. लोक आपली दगड झालेली जुनी गादी आणून टाकायचे. दादा, म्हणजे तिचा नवरा, ती उसवायचा, कापूस पिंजायचा, पुन्हा भरायचा आणि वीतभर दाभणानं टाके घालायचा. दुपारी जेवायला आत यायचा तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या असायच्या. वहिनी त्याला उंबऱ्यातच थांबवून फडक्यानं झटकायची.

"अगं, मी माणूस आहे की सतरंजी?"

"सतरंजी तरी गप्प पडून राहते."

वहिनी मनानं चांगली, देवभोळी. सकाळी देवासमोर हात जोडल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायची नाही. कुणाचं फुकट घेणार नाही, कुणाचं वाईट चिंतणार नाही. पण माणसाला एखादी खोट असतेच. वहिनीला घराच्या नावाचा भारी अभिमान. दोघे भाऊ, दोघी जावा, एक घर, एक दार, असं ती भेटेल त्याला सांगायची.

दार एकच होतं, ते खरं. घर मात्र आतून कधीच दुभंगलं होतं.

दादाचा धाकटा भाऊ पाणीपुरवठ्याच्या खात्यात कायम नोकरीला होता. लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो रस्तोरस्ती फिरायचा आणि रस्त्यातल्या झाकणांखालच्या झडपा उघडायचा, बंद करायचा. त्याची बायको म्हणजे धाकटी, त्यांना दोन मुली. कामाला वाघीण, बोलायला तिखट. सुरुवातीला दोघी जावा एकाच शेगडीवर रांधत. पण वहिनीला दुसऱ्याच्या पातेल्यात चमचा घालून चव बघायची आणि न विचारता चिमूटभर मीठ टाकायची खोड. धाकटीनं ते बरेच दिवस गिळलं. मग एकदा दोघींनीही मीठ टाकलं आणि भाजी तोंडात धरवेना. धाकटी म्हणाली, "ताई, आजपासून माझं पातेलं मी मागच्या पडवीत नेते."

वहिनी म्हणाली, "ने की. शेगडीपण ने."

बोलायचं म्हणून बोलून गेली. धाकटीनं खरंच नेली. वहिनीला दुसऱ्या दिवशी स्वतःसाठी नवी शेगडी आणावी लागली. अशी चूल वेगळी झाली. बोलणं बंद झालं नाही, पण त्याला पहिली ऊब राहिली नाही. वहिनीनं मात्र ही गोष्ट घराबाहेर जाऊ दिली नाही. पाहुणा आला की ती मागच्या पडवीतून धाकटीच्या भाजीचं भांडं पुढे आणायची आणि म्हणायची, "आम्ही दोघींनी केलंय." गल्लीला सगळं ठाऊक होतं, आणि ठाऊक नसल्याचं सोंग गल्लीनं वर्षानुवर्षं नेटानं निभावलं.

मग एके वर्षी सरकारनं ठरवलं की ज्यांच्या डोक्यावर कुठल्याच आरोग्यविम्याचं छत्र नाही, त्यांना ते द्यायचं. नोकरदारांना असतं, बाकीच्यांना कोण विचारतो? तर आता दुकानदार, कारागीर, हातावर पोट असलेली माणसं, सगळ्यांना घ्यायचं. घरोघर पाहणी करायला पिशव्या अडकवलेल्या मुली फिरू लागल्या. गादीच्या दुकानातही एक आली. शिंकत शिंकत बसली आणि विचारू लागली. माणसं किती, कमावती किती, घर स्वतःचं की भाड्याचं. आणि मग म्हणाली, "चुली किती?"

वहिनीचे कान उभे राहिले. "म्हणजे?"

"म्हणजे स्वयंपाक एकत्र की वेगळा?"

"एकत्र! या घरात चूल एकच."

नेमकी त्याच वेळी मागच्या पडवीत धाकटीनं फोडणी घातली. चर्र आवाज आला आणि लसणाचा वास पुढच्या खोलीपर्यंत आला. मुलीनं मान वर केली. "मागेही काही शिजतंय का?"

"ते? ते पाणी तापत ठेवलंय."

"पाण्याला फोडणी देता?"

यंत्राजवळ बसलेला दादा कापसात तोंड खुपसून हसू दाबत होता. वहिनीनं त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं आणि मुलीला ठासून सांगितलं, "एक म्हणजे एक. लिही."

मुलीनं लिहिलं. देवाला आपलं मन दिसतं, सरकारला लिहिलेलं तेवढंच दिसतं.

काही दिवसांनी गल्लीत कार्डं येऊ लागली. इस्त्रीवालीला आलं, कुलूपवाल्याला आलं. कुलूपवाला तर लगेच आपला हर्निया काढून आला आणि शर्ट वर करून भेटेल त्याला टाके दाखवत फिरला. गादीवाल्यांच्या घरी मात्र एवढंच कळवलं गेलं की या कुटुंबात नोकरीचा विमा आहे, सबब कार्ड मिळणार नाही.

"नाही तर नाही," दादा म्हणाला. "आपल्याला काय धाड भरलीय?"

धाड भरलीच. आधी जिना चढताना धाप लागू लागली. मग यंत्र फिरवताना. मग नुसतं बोलताना. एक वाक्य तीन तुकड्यांत बाहेर येई, मध्ये श्वासासाठी थांबावं लागे. सगळ्यांना वाटलं, आयुष्यभर कापूस छातीत गेला, दुसरं काय होणार. एका सकाळी दाभण हातात धरूनच तो कापसाच्या ढिगावर कलंडला, तेव्हा भावानं त्याला मोठ्या इस्पितळात नेलं. घरी आणल्यावरही काही दिवस तपासण्यांसाठी हेलपाटे सुरू राहिले. शेवटी डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं, यंत्रावर हृदयाची धडधड पाहिली आणि म्हणाल्या, "कापसाचा दोष नाही. हृदयातली एक झडप आखडलीय. उघडतच नाही नीट. शस्त्रक्रिया करून बदलावी लागेल, आणि फार दिवस थांबता येणार नाही."

दादानं धापा टाकत भावाकडे पाहिलं. "घे... तुझ्याच खात्यातलं... काम निघालं."

भावाला हसू आलं आणि डोळे भरूनही आले. तो आयुष्यभर शहराच्या झडपा उघडत आला होता, ही एक त्याच्या चावीनं उघडणारी नव्हती.

शस्त्रक्रियेचा खर्च ऐकून वहिनी बाकावर बसूनच राहिली. दुकान, यंत्र, कापूस, सगळं विकलं तरी पुरला नसता. ती उठून योजनेच्या खिडकीवर गेली. तिथल्या माणसानं चष्मा कपाळावर चढवून पडद्यावर पाहिलं.

"तुमच्या कुटुंबात नोकरदार आहे, बाई. त्यांचा विमा आहे."

"ते माझे दीर. मग त्यांच्या विम्यातून करा."

"त्यात बायको-मुलं येतात. भाऊ नाही येत."

"अहो, सख्खा भाऊ आहे."

"सख्खा असला तरी."

"म्हणजे तुमच्याकडे आलं की आम्ही एक, आणि त्यांच्याकडे गेलं की आम्ही दोन?"

माणूस वाईट नव्हता. त्यानं चष्मा खाली घेतला आणि म्हणाला, "पाहणीत तुम्ही चूल एक सांगितलीय. ती खरोखर एक असेल तर माझ्या हातात काही नाही. वेगळी असेल तर फेरतपासणी मागा. अधिकारी घरी येऊन बघतील आणि लगेच निर्णय होईल."

वहिनी म्हणाली, "वेगळी आहे! किती वर्षं वेगळी आहे." आयुष्यात पहिल्यांदा ती हे परक्या माणसासमोर बोलली होती. अर्ज देऊन ती घरी निघाली, आणि अर्ध्या वाटेत तिचे पाय थबकले.

कारण चूल आता वेगळी राहिलीच नव्हती.

दादा आजारी पडल्यापासून वहिनीचा सगळा दिवस त्याच्याबरोबर इस्पितळाच्या फेऱ्यांत जाई. ज्या दिवशी तो कलंडला, त्याच दिवशी धाकटीनं कुणाला न विचारता चौघांऐवजी सहा जणांचा भात टाकला होता. डॉक्टरीणबाईंनी दादाचं मीठ बंद केलं, तर त्याच्यासाठी वेगळी अळणी भाजीही तीच करत होती. ज्या मिठानं घर फोडलं त्याचंच पथ्य लागलं होतं. पुढची शेगडी थंड पडून होती, तिच्यावर औषधांच्या बाटल्या मांडल्या होत्या. चुली दोन होत्या तेव्हा वहिनीनं एक सांगितली. आता दोन सांगायची वेळ आली आणि खरोखरच एक झाली होती.

संध्याकाळी तिनं हे घरात सांगितलं. दीर म्हणाला, "वहिनी, त्यात काय एवढं? तपासणीच्या दिवशी पुढची शेगडी पेटवा. भांडं चढवा. इतकी वर्षं वेगळीच होती की."

"होती. आता नाही."

"दादाच्या जिवाचा प्रश्न आहे."

"म्हणूनच तर," वहिनी म्हणाली. "भावजी, एकदा मानासाठी खोटं बोलले त्याचं हे झालं. आता त्यांच्या जिवासाठी देवाकडे हात पसरतेय, आणि त्याच हातानं खोटी शेगडी पेटवू?"

धाकटीनं हातातली वाटी खाली ठेवली. ती पदर खोचून उभी राहिली. "मग खरीच वेगळी करू. उद्यापासून मी तुम्हाला जेवायला घालत नाही, ताई."

"काय?"

"भांडू या. खरं भांडण झालं की खरी वेगळी चूल. खोटं कुठे आहे त्यात?"

धाकटीच्या तोंडावर हसू नव्हतं, ती मनापासून बोलत होती. "चला, सुरू करा. मला काहीतरी लागेल असं बोला."

वहिनीनं विचार केला. "तुझं... तुझं धुणं नीट पिळलेलं नसतं."

"हे काय भांडण झालं?"

"मग तू बोल."

"तुम्ही... तुम्ही सगळ्यांच्या पातेल्यात नाक खुपसता!"

"खुपसते. चुकलंच माझं ते."

"अहो ताई, चुकलं नका म्हणू! चुकलं म्हटल्यावर भांडण पुढे कसं जाणार?"

आतल्या खोलीतून, उशांच्या आधारानं बसलेल्या दादाचा आवाज आला, "अगं... मिठाचं... काढा की." आणि मग दोघींना हसू फुटलं ते आवरेना. हसता हसता धाकटीच रडायला लागली. "मी शेगडी नेली तेव्हा तुम्ही एकदा जरी म्हणाला असतात ना, की राहू दे गं. मी तिथेच ठेवली असती."

वहिनीनं तिला जवळ घेतलं. मग म्हणाली, "राहू दे गं."

भांडण काही जमलं नाही. वहिनीनं ठरवलं की जे आहे तेच सांगायचं, पुढे देव बघेल. धाकटीला ते पटलं नाही. देव बघेल, पण अधिकारी काय बघतील, एवढंच ती म्हणाली.

तपासणीला पिकल्या केसांच्या, गुडघे धरून चालणाऱ्या एक बाई आल्या. पुढच्या खोलीत गादीवर बसल्या आणि बरं वाटून क्षणभर डोळे मिटून राहिल्या. मग उठून घर पाहिलं. पुढच्या शेगडीवर बाटल्या. मागच्या पडवीत दोन पातेली शेजारी शेजारी, एकाला झाकण, एक उघडं.

"अर्जात लिहिलंय चूल वेगळी. मला तर एकच पेटलेली दिसते."

दीर मागे उभा राहून वहिनीला डोळ्यांनी खुणा करत होता. वहिनीनं तिकडे पाहिलंच नाही. हातातला पदराचा शेव पिळत ती म्हणाली, "खरं सांगते, बाई. पाहणी झाली तेव्हा चुली दोन होत्या. मी मुलीला एक सांगितली. घर फुटलंय असं सांगायची लाज वाटली. ते खोटं होतं. आता हे आजारी पडले, तेव्हापासून जाऊच सगळ्यांचं करते. म्हणजे आज विचाराल तर एकच आहे. त्या दिवशी खरं बोलले असते तर आज कार्ड असतं. आता खरं बोलतेय तर नसेल. पण यापुढे मला खोटं बोलायचं नाही."

दिरानं कपाळावर हात मारला. अधिकारी बाईंनी काही लिहिलं नाही. त्यांनी विचारलं, "भात कुणाच्या तांदळाचा?"

"म्हणजे?"

"शिजवते जाऊ, ते समजलं. तांदूळ कुणाचे?"

वहिनी उत्तर द्यायच्या आतच धाकटी उसळली. "ते तर विचारूच नका! रोज सकाळी इस्पितळात जायच्या आधी ताई दोघांच्या वाटणीचे तांदूळ वाटीत मोजून माझ्या ओट्यावर ठेवतात. भाजी वेगळी आणून देतात. परवा तर तेलसुद्धा! मी म्हटलं, माझ्या घरात दोन घास जास्त नाहीत का? तर म्हणतात, मला कुणाचं फुकट नको. सांगा, सख्ख्या जावेला असं बोलतात?"

"तुझ्या दोन पोरी शिकताहेत," वहिनी पुटपुटली.

"बघा! बघा, परत तेच!"

अधिकारी बाईंच्या तोंडावर पहिल्यांदा हसू आलं. "अहो, थांबा दोघी. चूल हा आमच्या मुलींनी पाहणी पटपट व्हावी म्हणून काढलेला शब्द. नियमात चूल कुठेच नाही. नियमात आहे, खर्च एकत्र की वेगळा. कमाई वेगळी, शिधा वेगळा, नुसती आच एक. आजारी माणसासाठी शेजारणीनं रांधलं तर मी शेजारीणही कुटुंबात धरायची का?"

"शेजारीण नाही हो ती," वहिनी पटकन म्हणाली.

"नाहीच. पण सरकारच्या लेखी तुम्ही दोन कुटुंबं. आजही आणि पाहणीच्या दिवशीही." त्यांनी लिहायला घेतलं.

जे ऐकायला वहिनी आसुसली होती तेच कानावर पडलं, आणि तरी तिचा चेहरा उतरला. दोन कुटुंबं. एवढं स्वच्छ तिनं ते कधी ऐकलं नव्हतं. धाकटीच्या ते लक्षात आलं. ती वहिनीच्या कानाशी लागून म्हणाली, "ताई, सरकारला दोन राहू द्या. आपल्याला कार्डाशी मतलब."

जाता जाता अधिकारी बाई उंबऱ्यात थांबल्या. म्हणाल्या, "या एका शब्दानं आणखी किती घरं बाहेर राहिली असतील कोण जाणे. मुलींना प्रश्न बदलायला सांगते." आणि खरंच, पुढे त्या मुली पुन्हा गल्लीत आल्या तेव्हा शिधा कुणाचा ते विचारत आल्या. शिंप्याच्या विधवा बहिणीला त्यामुळे कार्ड मिळालं. ती भावाच्या पोटमाळ्यावर राहायची आणि स्वतःपुरतं स्वतः आणायची. त्या फेरीत वहिनी मुलींबरोबर दारोदार गेली होती. कुणी उत्तर देताना चाचरलं की ती म्हणे, "अहो, जे असेल ते सांगा. यांना कुणाच्या घरातली भांडणं ऐकायची हौस नाहीये."

पण ते पुढचं. आधी कार्ड आलं. खिडकीवरच्या माणसानं ते यंत्रातून सरकवलं, पडद्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "झालं, बाई. मंजूर." वहिनीनं दोनदा विचारलं, "म्हणजे सगळं?" तो म्हणाला, "सगळं. औषधंसुद्धा." ती हात जोडायला गेली, तर तो ओशाळून म्हणाला, "मला नका जोडू, मी नुसतं बटण दाबलं." ती म्हणाली, "तुम्हाला नाहीच जोडत. ज्याला जोडायचे त्याला जोडतेय, तुम्ही मध्ये बसलाय."

शस्त्रक्रियेच्या दिवशी दादाला आत नेताना त्यानं डॉक्टरीणबाईंना विचारलं, "टाके... कसले घालता?" त्या म्हणाल्या, "बारीक." तो म्हणाला, "दोरा... ओढून घ्या. सैल टाका... टिकत नाही." त्या हसल्या आणि दार बंद झालं. बाहेर वहिनी डोळे मिटून बसली. तिच्या एका बाजूला दीर होता, दुसऱ्या बाजूला धाकटी. वहिनीनं देवाकडे काही मागितलंही नाही. तिला मागायला शब्दच सुचेनात. नुसतं त्याचं नाव घेत राहिली.

दार उघडलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मास्क काढून आधी मान हलवली, मग सांगितलं. झडप बसली होती, चालत होती.

काही दिवसांनी त्याला मोठ्या दालनात आणलं. वहिनी सकाळी गेली तर तो पलंगाच्या कडेला बसला होता आणि परिचारिका त्याला आडवं व्हा, आडवं व्हा म्हणून विनवत होती. तो ऐकत नव्हता. एका हातानं गादी दाबून बघत होता.

"आडवा काय होऊ? आधी ही गादी कुणी भरली ते सांगा. मध्ये सगळा खड्डा, कडेला गोळे, आणि टाके बघा, वीत वीत अंतरावर घातलेत. असे टाके घातल्यावर कापूस जागेवर राहील कसा? चांगल्या घरची माणसं इथे येऊन पडतात आणि त्यांच्या पाठीखाली तुम्ही हे घालता? मी सुटलो की पाठवून द्या सगळ्या एकेक करून, नीट पिंजून भरून देतो, तोवर मला खाली जमिनीवर झोपू द्या."

परिचारिकेनं हताश होऊन वहिनीकडे पाहिलं. "अहो बाई, सांगा ना तुम्ही यांना काहीतरी."

वहिनी डबा हातात धरून दारातच उभी होती. त्यानं हे एवढं सगळं बोलून टाकलं, आणि मध्ये एकदाही थांबला नाही. ती एक एक शब्द ऐकत राहिली होती.

"बोलू दे गं त्यांना," ती म्हणाली. "अजून बोला हो. त्या पलीकडच्या गादीचंही सांगा."